वऱ्हाडातून दर्याकिनारी : गाडीत बिऱ्हाड, चौदा दिवसांची वाट

अमरावती जिल्ह्यात दर्यापूर नावाचा तालुका आहे; पण दर्यापूरच्या माणसाला दर्या पाहावयाचा म्हटले तर सहाशे किलोमीटरच्या वर वाट तुडवावी लागते. आपल्याकडे पाणी म्हणजे विहिरीचे, नाहीतर पूर्णेचे. पूर्णाकाठच्या खारपाण पट्ट्यात तर विहिरीचेही पाणी खारट. म्हणून एखाद्या म्हाताऱ्या माणसाला समुद्राच्या खाऱ्या पाण्याची गोष्ट सांगितली, तर तो सहज म्हणतो, "खारं पाणी पाह्याले इतक्या दूर कायले जाचं? आमच्या वावरातच हाय की!"

हा विनोद झाला. पण खेड्यातल्या शेतकरी कुटुंबाचे घराबाहेर पडणे तपासून पाहिले, तर हसू मावळते. पुरुष बाजाराला जातो, कचेरीत जातो, कधी मेळाव्याला जातो. घरची बाई जाते ती माहेरी, कोणाच्या मयतीला, दवाखान्यात, फार तर शेगावला किंवा पंढरीला. निव्वळ पाहण्यासाठी, शिकण्यासाठी आणि चार दिवस विसाव्यासाठी सारे घर मिळून बाहेर पडले, असे वर्षानुवर्षे घडत नाही. कृषी विस्ताराच्या कामानिमित्त घरोघर हिंडताना अलीकडे मात्र एक प्रश्न वारंवार ऐकू येतो : "साहेब, चार घरं मिळून गाडी केली आन् कोकण पाहून आलो, तर कसं जमन?" त्या प्रश्नाचे सविस्तर उत्तर म्हणून हा लेख.

ही चाल आपलीच

युरोपातील फ्रान्स देशात लोक मोटारघर घेऊन समुद्रकिनाऱ्याने महिना-महिना हिंडतात. मोटारघर म्हणजे गाडीतच बिछाना, शेगडी, पाण्याची टाकी आणि संडास. गावोगावी अशा गाड्यांसाठी तळ असतात. तेथे ताजे पाणी भरून घ्यावयाचे, सांडपाणी व मैला ठरलेल्या ठिकाणीच रिकामा करावयाचा आणि पुढे निघावयाचे. मोठे शहर आले की जाणता प्रवासी गाडी शहराबाहेर लावतो आणि ट्रामने किंवा बसने आत जातो. त्या देशात मों सँ मिशेल नावाचे एक प्रसिद्ध बेट-देवस्थान आहे. भरतीच्या वेळी त्याला पाण्याचा वेढा पडतो. तेथेही गाड्या अडीच किलोमीटर अलीकडे जमिनीवर ठेवून लोक पायी किंवा बसने जातात. आपल्याकडेही महाराष्ट्र शासनाने २०२१ साली अशा फिरत्या घरांच्या पर्यटनाचे धोरण आखले आहे.

पण वऱ्हाडाला ही चाल नवी नाही. आपल्या आजे-पणजे मंडळींनी रेंगी-दमणीत बोचकी टाकून ऋणमोचनची यात्रा केली, बैलगाड्यांची रांग लावून पंढरी गाठली. गाडीखाली झोपले, तीन दगडांची चूल मांडली, रोडगे भाजले, बैलांना कडबा टाकला आणि पहाटे पुन्हा जुंपले. बैलांच्या जागी इंजिन आले, एवढाच फरक.

केव्हा निघावे

आपले पंचांग म्हणजे पिकांचे पंचांग. सोयाबीन, दिवाळी, कपाशीचे वेचे आणि तुरीची मळणी यांत पौषापर्यंत हात मोकळा होत नाही. पुढे हरभरा सोंगणीला येतो, गहू येतो आणि मुलांच्या परीक्षाही येतात. या दोहोंच्या मधला, म्हणजे जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंतचा काळ आपल्याला सोयीचा. समुद्रही त्या दिवसांत शांत असतो आणि ऊन सोसवते. पावसाळ्यात किल्ल्यांकडे जाणाऱ्या होड्या बंद असतात, म्हणून जून ते ऑगस्ट हा बेत करूच नये. आंब्यासाठी मे महिना खुणावतो खरा. पण त्या दिवसांत गर्दी फार, राहण्याचे दर चढे आणि आपल्याकडे खरिपाची तयारी अंगावर आलेली असते.

वरुड-मोर्शीकडच्या संत्रा बागायतदारांनी आणखी विचार करावा. आंबिया बहाराचा ताण तोडून पाणी देण्याचे दिवस याच सुमाराला येतात. बागेत जाणता माणूस ठेवता येत असेल तरच निघावे. एका झाडाचा बहार गेला तर पुढल्या वर्षापर्यंत वाट पाहावी लागते. समुद्र काही जागचा हलत नाही.

जनावरांची व्यवस्था दुसरी. चार घरांनी मिळून जाण्यात मोठा फायदा असा की, पाचव्या घराला सांगता येते, "यंदा आमची गुरे तुम्ही पाहा, पुढच्या वर्षी तुमची आम्ही पाहू." दुभत्या जनावराची, चाऱ्याची आणि पशुवैद्याच्या फोन नंबराची चिठ्ठी लिहून गोठ्याच्या खांबाला लावावी. शेजाऱ्याला तोंडी सांगितलेले सगळे ध्यानात राहतेच असे नाही.

पैसा कोठून आणावा

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. सहलीसाठी कर्ज काढू नये. पीककर्जाचा पैसा मोडू नये, की बियाण्यासाठी ठेवलेल्या रकमेला हात लावू नये. वऱ्हाडातल्या घरांनी कर्जाचे दुःख फार पाहिले आहे. यंदा विचार ठरला तर यंदाच निघण्याची घाई नको. चार घरांची भिशी सुरू करावी, प्रत्येक बाजाराच्या दिवशी ठरलेली रक्कम पेटीत टाकावी आणि पुढच्या जानेवारीत निघावे. पेटीची किल्ली एका घरी व वही दुसऱ्या घरी असावी. हिशेब चोख असला म्हणजे सोबतही टिकते.

खर्चाचा अंदाज बांधण्याची रीत सोपी आहे. अकोल्याहून निघून मुंबई, तेथून किनाऱ्याने वेंगुर्ले आणि कोल्हापूर-पंढरपूरमार्गे परत, असा फेरा अडवळणांसह एकवीसशे किलोमीटरच्या आसपास होतो. अमरावतीकरांनी त्यात दोनशे मिळवावेत. सतरा आसनांची गाडी घाटांचा रस्ता धरता लिटरला नऊ किलोमीटर देते असे मानले, तर सव्वादोनशे ते अडीचशे लिटर डिझेल लागेल. त्याला त्या दिवसाच्या भावाने गुणावे. मग गाडीचे भाडे, चालकाचा भत्ता, पथकर, जंगल जेटीचे भाडे, मुक्काम व जेवण यांचे आकडे घालावेत आणि सगळ्या बेरजेवर दहावा हिस्सा अडीअडचणीसाठी ठेवावा. ही बेरीज निघण्यापूर्वी चारही घरांत मोठ्याने वाचून दाखवावी. बायकांनाही कळू द्यावे.

गाडी कशी असावी

मालवाहू टेम्पोत किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत माणसे बसवून लांबचा प्रवास करू नये. ते कायद्याने मना आहे आणि जिवावरचेही आहे. भाड्याची गाडी पिवळ्या पाटीची, प्रवासी परवान्याची घ्यावी. विमा, योग्यता प्रमाणपत्र आणि परवाना यांच्या तारखा स्वतः पाहाव्यात. सतरा आसनांच्या गाडीत बारा-तेरा माणसेच न्यावीत. उरलेल्या जागी आपले बिऱ्हाड राहील. आसने काढून पलंग बसविण्याचा खटाटोप परस्पर करू नये; गाडीच्या रचनेत बदल करावयाचा तर परिवहन कार्यालयाची परवानगी लागते.

मोटारघरासारखी गाडीतच झोपण्याची हौस आपण धरू नये. आपली गाडी म्हणजे चालती कोठी : पीठमीठ, भांडी, अंथरुणे, औषधे आणि पाण्याचे पिंप. रात्र मात्र धर्मशाळेत, भक्तनिवासात किंवा कोकणातल्या घरगुती निवासात काढावी. बायकांची व मुलींची सोय हा त्यातला मुख्य मुद्दा. स्वच्छ संडास आणि आडोशाचे न्हाणीघर आहे की नाही, हे मुक्काम ठरविण्यापूर्वी फोनवर विचारावे; त्यात लाजण्याचे कारण नाही. वाटेतही दर दोन-अडीच तासांनी चांगला पेट्रोलपंप पाहून गाडी थांबवावी. वाटेत जावे लागू नये म्हणून बाया दिवसभर पाणीच पीत नाहीत आणि मग आजारी पडतात. हे आपल्या गावच्या प्रत्येक सहलीत घडते, ते टाळावे.

रात्रीचा प्रवास नको. समृद्धी महामार्गाचा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला आणि ५ जून २०२५ रोजी ७०१ किलोमीटरचा सारा मार्ग पुरा झाला. त्यामुळे मुंबई जवळ आली, हे खरे. पण त्याच महामार्गावर १ जुलै २०२३ रोजी सिंदखेडराजाजवळ मध्यरात्रीनंतर खाजगी बसला अपघात होऊन आग लागली आणि २५ प्रवासी दगावले, हेही आपण विसरता कामा नये. सरळ, एकसुरी रस्त्यावर चालकाचे डोळे मिटतात आणि झिजलेले टायर वेगात फुटतात. टायर निघण्यापूर्वी पाहून घ्यावेत. सूर्य मावळला की गाडी उभी करावी. चालकाला आपल्याबरोबर जेवायला बसवावे आणि आपल्यासारखीच अंथरूण-पांघरुणाची सोय द्यावी. सगळ्यांचा जीव त्याच्या झोपेवर अवलंबून असतो.

चुलीचा प्रश्न

एका गावी हा बेत समजावून सांगताना एक काकू ठासून म्हणाल्या, "तिथं जाऊनबी मले चुलीपाशीच बसाचं असन, त मी आपली घरीच बरी!" त्यांचे म्हणणे सोळा आणे खरे होते. बारा माणसांच्या भाकरी तिन्ही त्रिकाळ बडवाव्या लागल्या, तर त्या माउलीची सहल कसली?

म्हणून नियम असा करावा : दिवसातून एकच वेळ स्वयंपाक, आणि तोही पाळीपाळीने. सकाळी चहा-पोहे पुरुषांनी करावेत. दुपारी खानावळीत जेवावे. रात्री मुक्कामी खिचडी, झुणका, वरणभात असे एका भांड्यात होणारे करावे. भांडी घासण्याची पाळी जवान पोरांची. बरोबर शेंगदाण्याची व लसणाची चटणी, ठेचा, मुरमुरे, फुटाणे, गूळ, धापोडे, तूरडाळ, बेसन व तिखट-मीठ घ्यावे. ज्वारीचे पीठ पाच-सहा दिवसांपुरतेच न्यावे. पुढे ते कडसर होते. कोकणात तांदळाची भाकरी मिळते, तीही खाऊन पाहावी.

गॅसचा विषय मात्र गंभीर आहे. २६ ऑगस्ट २०२३ रोजी तामिळनाडूतील मदुराई स्थानकात यात्रेकरूंच्या डब्याला आग लागून नऊ माणसे मेली. डब्यात चोरून नेलेला सिलिंडर हे कारण निघाले. आगगाडीत सिलिंडर नेणे गुन्हाच आहे. आपल्या गाडीतही घरचा मोठा सिलिंडर नेऊ नये. लहान पाच किलोचा, उभा व घट्ट बांधलेला असावा. चालत्या गाडीत रेग्युलेटर काढून टोपी लावलेली असावी आणि स्वयंपाक गाडीपासून दूर, उघड्यावरच करावा. जंगल जेटीवर चढताना तेथील कामगारांना आपल्याजवळ सिलिंडर असल्याचे सांगावे.

वाट : नाशिकमार्गे मुंबई

पहिल्या दिवशी अकोल्याहून पहाटे निघून खामगाव, मलकापूर, भुसावळ, जळगाव, धुळे करीत सायंकाळी नाशिक गाठावे. अमरावतीची मंडळी ज्या रस्त्याने अकोल्याला येतील, त्याचीही एक गोष्ट मुलांना सांगावी. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला मार्गावर ७५ किलोमीटरचा डांबरी थर अवघ्या १०५ तास ३३ मिनिटांत अंथरून जागतिक विक्रम झाला होता.

दुसऱ्या दिवशी कसारा घाट उतरून भिवंडी-कल्याणमार्गे पनवेलला यावे आणि गाडी तेथेच मुक्कामी ठेवावी. मुंबईत गाडी घालू नये. गर्दीत वेळ जातो, जागा मिळत नाही आणि चालकही वैतागतो. तिसऱ्या दिवशी सकाळची अकरापर्यंतची गर्दी ओसरली म्हणजे पनवेलहून लोकल धरावी व संध्याकाळी पाचच्या आत परत फिरावे. प्रत्येक मुलाच्या खिशात नाव, मुक्कामाचा पत्ता आणि दोन फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी असावी.

या लोकलच्या वाटेवर शिवडीनंतर एक स्टेशन लागते. त्याचे नाव कॉटन ग्रीन. कापसाच्या गाठींचा व्यापार ज्या भागात चाले, त्याची ही खूण. अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात यादवी युद्ध पेटले, तेथला कापूस विलायतेला जाईनासा झाला आणि आपल्या वऱ्हाडाच्या कापसाला एकाएकी भाव आला. त्या कापसासाठीच रेल्वे वऱ्हाडात आली, खामगावला फाटा निघाला. तुमच्या पणजोबाच्या वावरातली बोंडे जिनिंगमधून, गाठीतून आणि आगगाडीतून याच बंदरात आली होती. पुढे ज्या गिरण्यांनी तो कापूस कातला, त्यांतल्या बहुतेकांचे भोंगे १९८२ च्या संपानंतर हळूहळू थांबले. माटुंग्याला कापूस तंत्रज्ञानाची केंद्रीय संशोधन संस्था आहे. तिचा आरंभ १९२४ चा. धाग्याची लांबी, ताकद व मऊपणा कसा मोजतात, ते तेथे कळते. अगोदर पत्र लिहून परवानगी घेतली, तर तासाभराची ती भेट कापूस उत्पादकाला फार शिकवून जाईल. मग १९२४ सालीच खुले झालेले गेटवे ऑफ इंडिया पाहावे. बहुतेकांना समुद्राचे पहिले दर्शन तेथे घडेल.

वाट : अलिबाग ते गुहागर

चौथ्या दिवशी पनवेल, पेण करीत अलिबाग. अलिबागजवळ थळ गाव आहे. आपण पूर्वी खताच्या दुकानातून उज्ज्वला युरियाची गोणी आणत असू, तो युरिया करणारा आरसीएफचा कारखाना येथेच. अलिबागेत सरखेल कान्होजी आंग्रे यांची समाधी आहे. समोर समुद्रात कुलाबा किल्ला. ओहोटीला तेथे चालत जाता येते. पुढे रेवदंडा, काशीद करीत मुरूडला मुक्काम.

पाचव्या दिवशी राजपुरीहून शिडाच्या होडीने जंजिरा पाहावा. नंतर आगरदांड्याहून दिघीला गाडीसकट खाडी ओलांडावयाची. या बोटीला तिकडे जंगल जेटी म्हणतात. बस, ट्रक, मोटारसायकली, माणसे, बकऱ्या असे सारे एकत्र चढते. मुलांना हा प्रवास किल्ल्यांपेक्षाही जास्त आठवेल. अशीच बोट बागमांडला-वेश्वी, दाभोळ-धोपावे आणि तवसाळ-जयगड येथे लागते. दाभोळची सेवा २००३ साली सुरू झाली. वेळा आदल्या दिवशी मुक्कामी विचारून घ्याव्यात. सतरा आसनांची गाडी घेतात की नाही, हेही विचारावे.

दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर ही गावे सुपारी-नारळाच्या वाड्यांत दडलेली आहेत. श्रीवर्धनची रोठा सुपारी नामांकित. आपल्याला मैलभर मोकळे वावर पाहण्याची सवय. तेथे दहा-वीस गुंठ्यांच्या वाडीत नारळ, सुपारी, मिरीचा वेल, जायफळ आणि केळी एकावर एक नांदतात. जमीन थोडी असली म्हणजे माणूस तिचा कसा उपयोग करून घेतो, ते पाहण्यासारखे आहे.

सहाव्या-सातव्या दिवशी दापोली. आपल्या अकोल्याचे पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ २० ऑक्टोबर १९६९ चे. दापोलीचे कोकण कृषी विद्यापीठ १८ मे १९७२ चे, म्हणजे आपले पाठचे भावंडच. येथे काळ्या जमिनीचा माणूस प्रथम तांबड्या जांभ्या दगडाला हात लावतो. आपल्याकडे पाऊस सातशे-आठशे मिलिमीटर, तेथे तीन हजारांच्या वर. पण जांभा पाणी धरून ठेवीत नाही, म्हणून उन्हाळ्यात तेथेही बायका घागरी घेऊन वणवण करतात. भरपूर पाऊस म्हणजे भरपूर पाणी नव्हे. पडलेले पाणी मुरले पाहिजे, हा धडा आपण वऱ्हाडात घोकतो, तो कोकणात डोळ्यांना दिसतो.

खारपाण पट्ट्यातील शेतकऱ्यांनी खाडीकाठची खार जमीन मुद्दाम पाहावी. आपला खारटपणा जमिनीच्या पोटातला. त्यांचा भरतीच्या पाण्याने आलेला. ते मातीचे बांध घालून समुद्र अडवितात, पावसाच्या पाण्याने मीठ धुऊन काढतात आणि त्या जमिनीत खार सोसणारा भात घेतात. पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने अशा भाताच्या जाती दिल्या आहेत. उपाय जसाच्या तसा आपल्याला लागू पडणार नाही. पण पावसाचे गोडे पाणी शेतात थांबवावे व निचऱ्यावाटे मीठ बाहेर काढावे, हे सूत्र एकच.

भरती-ओहोटी : पंचांगातून

किनाऱ्यावर घड्याळाइतकीच तिथी पाहावी लागते, आणि तिथी तर आपल्या प्रत्येक घरात ठाऊक असते. दिवसातून दोनदा भरती व दोनदा ओहोटी होते आणि रोज ती वेळ सुमारे पाऊण तासाने पुढे सरकते. कोकणात अमावास्येला व पौर्णिमेला भरती दुपारी बाराच्या सुमारास आणि पूर्ण ओहोटी सकाळी-संध्याकाळी सहाच्या सुमारास असते. अष्टमीला याच्या उलट. अमावास्या-पौर्णिमेचे उधाण मोठे. मुंबईत ते साडेचार मीटरच्या वर चढते. अष्टमीची भरती लहान, तिला भांग म्हणतात. एवढे ध्यानात धरले तर कुलाबा किल्ल्यात अडकून पडण्याची पाळी येत नाही. तरीही आत पाऊल टाकण्यापूर्वी स्थानिक माणसाला विचारावेच.

आता सर्वांत महत्त्वाचे. विहिरीत सूर मारणाऱ्या आपल्या पोरांना वाटते, आपल्याला पोहता येते. विहिरीचे पाणी उभे असते; समुद्राचे पाणी ओढते. किनाऱ्यावर आलेली लाट परत जाताना एखाद्या चिंचोळ्या वाटेने जोरात आत खेचत नेते. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या किनाऱ्यावर सहलीला आलेले पुण्याचे डझनभराहून अधिक विद्यार्थी बुडाले. त्या दिवशी वादळ नव्हते, पाऊस नव्हता. म्हणून गुडघाभर पाण्यापलीकडे जाऊ नये. ओहोटी लागल्यावर पाण्यात उतरू नये. मुलांचा हात सोडू नये. कोणी ओढला गेलाच, तर त्याने किनाऱ्याच्या दिशेने झगडू नये. अंग सैल सोडून आडव्या दिशेने, किनाऱ्याला समांतर सरकावे. बाहेरच्यांनी एकामागून एक उड्या घेऊ नयेत. दोर, रिकामे पिंप किंवा लांब लुगडे फेकावे आणि कोळीबांधवांना हाक मारावी. गाडी वाळूवर उतरवू नये; चाके रुतली आणि भरती आली, तर गाडी जाते.

वाट : रत्नागिरी, मालवण आणि परत

आठव्या दिवशी गणपतीपुळे करून रत्नागिरी. येथे लोकमान्य टिळकांचे जन्मस्थान आहे. अमरावतीला १८९७ साली राष्ट्रसभेचे अधिवेशन भरले, त्याचे स्वागताध्यक्ष दादासाहेब खापर्डे हे टिळकांचे जिवलग. त्यामुळे त्या घरात वऱ्हाडी माणसाला परके वाटू नये. ब्रह्मदेशच्या थिबा राजाला इंग्रजांनी येथेच नजरकैदेत ठेवले; १९१६ साली तो येथेच वारला. त्याचा राजवाडा समुद्राकडे तोंड करून उभा आहे. भाट्ये येथे १९५५ पासून नारळ संशोधन केंद्र आहे.

नववा-दहावा दिवस विजयदुर्ग, देवगड, मालवण. देवगडकडे कातळ फोडून, त्यात माती भरून हापूस उभा केलेला दिसतो. १९९० सालापासून रोजगार हमीशी जोडलेल्या फळबाग योजनेने या भागाचे रूप पालटले. मालवणला सिंधुदुर्ग. शिवछत्रपतींनी १६६४ साली त्याचे काम सुरू केले. चहूकडे खारे पाणी आणि किल्ल्यात दूधबाव, दहीबाव, साखरबाव या तीन गोड्या विहिरी! खारपाण पट्ट्यातली बाई त्या विहिरीपाशी उभी राहिली, तर तिला त्या पाण्याचे मोल कोणी समजावून सांगावे लागणार नाही.

अकराव्या दिवशी वेंगुर्ले. तेथील फळ संशोधन केंद्राने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून रत्ना हा आंबा काढला, आणि वेंगुर्ला ४, वेंगुर्ला ७ अशा काजूच्या जाती दिल्या. हौसेने कलमे आणाल, पण हापूस व काजू आपल्या काळ्या भारी जमिनीत व कडक उन्हात तसे साधत नाहीत. त्यापेक्षा कलम बांधण्याची रीत पाहून यावी. नंतर आंबोली घाट चढून कोल्हापूर, बाराव्या दिवशी पंढरपूर आणि तेथून बार्शी, बीड, जालना करीत दोन दिवसांत घर. चौदा दिवस जमत नसतील त्यांनी रत्नागिरीहूनच आंबा घाटाने कोल्हापूरला वळावे. दोन-तीन दिवस वाचतात.

आपल्या मागे काय ठेवावे

कोकणच्या लोकांची एक तक्रार ऐकू येते : घाटावरचे लोक येतात, किनाऱ्यावर पत्रावळी, बाटल्या आणि उष्टे टाकून जातात. वऱ्हाडच्या गाडीबद्दल असे बोलले जाऊ नये. गाडगेबाबा आपल्या शेंडगावचे. ज्या गावी जात, तेथे आधी खराटा घेऊन रस्ता झाडीत, मग कीर्तन करीत. नाशिकला, पंढरपूरला, आळंदीला त्यांनी गोरगरीब यात्रेकरूंसाठी धर्मशाळा उभारल्या. आपल्या गाडीत पीठमिठाबरोबर एक खराटा आणि चार रिकामी पोती घालावीत. कचरा पोत्यात भरावा, तळ झाडावा आणि मगच गाडी हलवावी. एवढे केले, तर पुढच्या वर्षी तुमच्या गावची दुसरी चार घरे त्याच दारी गेली असता कोकणची माणसे त्यांना "या, बसा" म्हणतील.

परत आल्यावर एका रविवारी, गुरे सांभाळणाऱ्या त्या पाचव्या घराच्या अंगणात सर्वांनी जमावे. हिशेबाची वही वाचावी, उरलेले पैसे वाटून घ्यावेत आणि काय पाहिले ते मुलांना व बायकांना आधी सांगू द्यावे. नंतर नव्या भिशीचा पहिला रुपया पेटीत टाकावा. पुढच्या खेपेला त्या पाचव्या घराचे नाव यादीत सर्वांत वर असावे.